उघड्या सांध्यांची परीक्षा

जॉर्ज कारवार्डाइन हा इंग्लंडमधल्या बाथ शहरातला मोटारींचा इंजिनिअर. रस्त्यावरचे हादरे स्प्रिंगांनी कसे जिरवायचे, हा त्याचा रोजचा विषय. त्या कामातूनच त्याला एक वेगळा प्रश्न सुचला. एखादी दांडी हव्या त्या कोनात वळवता यावी आणि हात काढला की ती तिथेच थांबावी. स्क्रू आवळावा लागू नये आणि मागे वजनाचा गोळाही लटकवावा लागू नये. १९३२ मध्ये त्यानं अशा रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. रेडिच गावची हर्बर्ट टेरी अँड सन्स ही स्प्रिंगा बनवणारी कंपनी. तिनं या कल्पनेतून आधी कारखान्यांसाठी चार स्प्रिंगांचा दिवा काढला आणि १९३५ मध्ये घरासाठी तीन स्प्रिंगांचा. हाच अँगलपॉइज १२२७.

या दिव्याच्या स्प्रिंगा बाहेर आहेत, कारण त्यांना ताणायला आणि आखडायला जागा लागते. शोभेचा विचार त्यामागे नव्हता. आतली युक्ती मात्र फार सुरेख आहे. दांडी आडवी धरली की टोकावरच्या दिव्याचं वजन तिला सर्वांत जोरानं खाली खेचतं. दांडी उभी होत जाते तशी ही ओढ कमी होत होत शून्यावर येते. म्हणजे प्रत्येक कोनात तोलायचा भार वेगळा. एकाच स्प्रिंगनं हे सगळे कोन सांभाळायचे, तर तिची ओढही कोनागणिक त्याच प्रमाणात बदलायला हवी. गणित सांगतं की स्प्रिंगचं एक टोक सांध्याच्या बरोबर वर किंवा खाली स्थिर बांधलं, दुसरं दांडीला जोडलं आणि स्प्रिंगची ओढ तिच्या पूर्ण लांबीच्या प्रमाणात ठेवली, तर प्रत्येक कोनात तोल साधतो. साधी स्प्रिंग तशी नसते. मोकळी असतानाही तिला स्वतःची लांबी असते आणि त्यापुढे जितकं ताणावं तितकीच ती ओढते. म्हणून गुंडाळतानाच वेटोळी एकमेकांवर घट्ट दाबून बसवलेली स्प्रिंग घ्यावी लागते. तरी थोडी चूक उरतेच. ती सांध्यातलं घर्षण पोटात घालतं. शिवाय वरच्या दांडीचा भार समांतर पट्ट्यांनी खाली आणून तिन्ही स्प्रिंगा बुंध्यापाशीच बसवल्या, त्यामुळे दिव्याचा वरचा हात हलका राहिला.

एवढ्या तपशिलात शिरण्याला कारण आहे. यंत्ररचना उघडी ठेवणाऱ्या फर्निचरचे आणि दिव्यांचे प्रयोग गेली शंभर वर्षं चालू आहेत. संग्रहालयं त्यांनी भरली आहेत, आणि आता शहरांतली कॅफेही. या साऱ्या पसाऱ्यात खरा प्रयोग कोणता आणि नुसतं सोंग कोणतं, हे ओळखायला मला एक प्रश्न फार उपयोगी पडतो: जो भाग मुद्दाम दाखवला आहे तो काढून टाकला, तर वस्तूचं काय बिघडतं? १२२७ ची स्प्रिंग काढली की दिवा टेबलावर आडवा होतो. ज्या वस्तूंचं अशा वेळी काहीच बिघडत नाही, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

डिझाइनच्या शिकवणीत या गोष्टीला प्रामाणिकपणा म्हणण्याची पद्धत आहे. रचना झाकली तर खोटेपणा, उघडी ठेवली तर सच्चेपणा. मला हा दावा अपुरा वाटतो, आणि त्याचा अपुरेपणा या परंपरेनं डोक्यावर घेतलेल्या खुर्चीतच दिसतो. युट्रेख्टचा सुतार गेरिट रिटव्हेल्ड यानं १९१८ च्या सुमारास ती केली आणि आणखी काही वर्षांनी लाल, निळा, पिवळा आणि काळा रंग देऊन ती जगासमोर आली. जुन्या सुतारकामात एका तुकड्याला खाच पाडतात, दुसऱ्याचं कुसू तिच्यात बसवतात आणि दोन्ही तुकडे तिथे संपतात. रिटव्हेल्डच्या सांध्यात तीन दिशांनी आलेल्या तीन काठ्या एकमेकींना चिकटून जातात आणि प्रत्येकीचं टोक सांध्याच्या पुढेही डोकावत राहतं. बघणाऱ्याला वाटतं, सगळं समोरच तर आहे. पण या काठ्या एकमेकींना धरून कशा राहतात, ते दिसत नाही. जिथे त्यांची अंगं टेकतात तिथे आत भोकं पाडून लाकडी खुंट्या बसवल्या आहेत. रचनेचा नकाशा बाहेर आहे आणि तिचं बळ आत लपलेलं आहे. यात रिटव्हेल्डचा दोष काढायचं कारण नाही. खुर्ची जागा अडवत नाही, जागा तिच्यातून आरपार वाहते, हे त्याला दाखवायचं होतं आणि ते त्यानं अपूर्व रीतीनं दाखवलं. डॉक्टर हार्टोग यांच्या दवाखान्यासाठी त्यानं १९२२ मध्ये केलेला टांगता दिवाही असाच आहे: फिलिप्सच्या उघड्या नळ्या, टोकांना लाकडी ठोकळे, बाकी सगळी हवा. पण सांधा उघडा दिसतो म्हणून तो समजला असं होत नाही, हे या खुर्चीपाशी उभं राहिलं की नीट लक्षात येतं.

याच्या उलट उदाहरण साठ वर्षं आधीचं आहे. १८५९ साली मिखाएल थोनेटच्या कारखान्यानं काढलेली १४ नंबरची खुर्ची म्हणजे वाफवून वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि पोचल्या गावी कुणीही त्या जोडू शके. मुंबईच्या इराणी हॉटेलांत वाकवलेल्या लाकडाच्या ज्या खुर्च्या अजून दिसतात, त्या याच घराण्यातल्या. अशी एखादी खुर्ची उलटी करून पाहावी. बैठकीच्या कड्याला पाय कुठे आणि कसे जोडले आहेत ते तिथे दिसतं, आणि डुगडुगायला लागली तर काय आवळायचं हेही. इथे रचना उघडी ठेवण्याचा गाजावाजा कुणी केलेला नाही. वाहतुकीची सोय आणि दुरुस्तीची सोय या दोन गरजांपोटी ती उघडी राहिली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत दिव्यांचे हात फार झपाट्यानं सुटे आणि चपळ झाले. छताला टांगलेला बल्ब कारागिराच्या कामावर त्याचीच सावली पाडतो. दिवा कामाजवळ आणला पाहिजे, ही कारखान्यातली अडचण सर्वत्र होती. जर्मनीत कुर्ट फिशरनं १९१९ मध्ये आपल्याच कारखान्यासाठी वळवता येणारा दिवा केला. फ्रान्समध्ये १९२१ साली बेर्नार-आल्बँ ग्रानं कारखान्यांसाठी आणि कचेऱ्यांसाठी काढलेला दिवा पुढे ल कोर्ब्युझिएच्या टेबलावर पोचला. १९२७ मध्ये एदुआर-विल्फ्रिड ब्यूकेनं प्रत्येक दांडीच्या मागच्या टोकाला वजन देऊन तोलणारा दिवा पेटंट केला. यांतला एकही माणूस कलाशाळेच्या वादांतून आलेला नव्हता. बाउहाउस या जर्मन कलाशाळेनं फिशरचे दिवे उचलले आणि मग अशा दिव्यांना शैलीचा मान मिळाला.

त्याच काळात मार्सेल ब्रॉयरनं सायकलच्या हँडलवरून स्फूर्ती घेऊन पोलादी नळीची खुर्ची केली, १९२५ मध्ये. तिच्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की मी तिथे थांबत नाही. मला त्याहून मोलाचं वाटतं ते पॅरिसमधलं एक घर. डॉक्टर झाँ दाल्सास यांना जुनी इमारत पाडून नवं घर बांधायचं होतं, पण वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईंनी जागा सोडायला नकार दिला. तेव्हा वास्तुकार पिएर शारो आणि बर्नार्ड बायव्होट यांनी वरचा मजला पोलादी खांबांवर तोलून धरला आणि त्याच्याखाली तीन मजल्यांचं काचेच्या विटांचं घर बसवलं. १९३२ मध्ये ते पुरं झालं. हे खांब दिवाणखान्याच्या मधोमध उभे आहेत, त्यांच्यावरचे रिव्हेट दिसतात, आणि त्यांना लपवण्याची धडपड कुठेही नाही. पण या घरात माझ्या विषयाचं खरं काम केलं ते लुई दाल्बे या लोहारकाम करणाऱ्या कारागिरानं. फिरणारी कपाटं, भोकं पाडलेल्या पत्र्याचे वळणारे पडदे, हातचाकानं उघडणाऱ्या झडपा, सरकवता येणारा जिना, सारं काही हातानं चालणारं. दाल्सासांचा दवाखाना खालच्या मजल्यावर होता आणि कुटुंब वर राहत असे. दिवसा रुग्ण आणि संध्याकाळी पाहुणे याच घरातून जात-येत. फिरणारा पडदा कुणाला कुठवर येऊ द्यायचं ते ठरवत होता. म्हणजे बिजागरी आणि दांडा हे इथे राहण्याचे नियम होते. शारोच्या या घरात फर्निचर आणि इमारत यांच्यामधली रेषाच पुसली गेली आहे, आणि पुढच्या पन्नास वर्षांत इतका विचार करून यंत्र घरात आणलेलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

युद्धानंतर हा प्रयोग इटलीत गेला आणि तिथे त्याला नवी धार आली. आकिले आणि पिएर जाकोमो कास्तिलिओनी हे मिलानमधले भाऊ कारखान्यांत तयार होणाऱ्या वस्तूंकडे कुतूहलानं पाहत. १९५७ मध्ये त्यांनी ट्रॅक्टरची सीट पोलादाच्या वाकवलेल्या पट्टीवर बसवली, खाली लाकडी आडवी फळी दिली, आणि सगळं एका पंखवाल्या नटनं आवळलं. हा मेझाद्रो स्टूल. पट्टी बसणाऱ्याच्या वजनानं थोडी लवते, म्हणजे तीच स्प्रिंग. पंखवाला नट हातानं सैल होतो. वस्तू किती कमी भागांत उभी राहते, याचा असा पुरावा त्या काळात कुठल्या कंपनीला परवडला नाही. झानोत्ता कंपनीनं हा स्टूल उत्पादनात आणला तेव्हा १९७१ उजाडलं होतं.

१९६२ चा टोइओ दिवा आणखी धीट आहे. मोटारीचा हेडलाइट वर, मासे पकडण्याच्या काठीवर असतात तशा कड्यांतून ओवलेली तार, आणि बुंध्यापाशी झाकण नसलेला ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर नुसता दाखवायला तिथे ठेवला आहे असं पहिल्यांदा वाटतं. पण हेडलाइटसाठी तो लागतोच, आणि त्याचं वजन उंच दिव्याला उलटू देत नाही. एकच भाग दोन कामं करतो. माझ्या कसोटीवर टोइओ दोनदा उतरतो.

तरीही या भावांच्या कामात मी सर्वांत वर ठेवीन तो पारेंतेसी. त्याची मूळ कल्पना मोटारींचा डिझायनर पिओ मांझू याची: जमिनीपासून छतापर्यंत दांडी, तिच्यावर वर-खाली सरकणारा दिवा, हव्या त्या जागी स्क्रूनं घट्ट. मांझू १९६९ मध्ये अपघातात गेला. आकिलेनं ती कल्पना हाती घेतली आणि दांडीच्या जागी छतापासून जमिनीवरच्या वजनापर्यंत ताणलेली पोलादी तार आणली. दिवा बसतो एका वाकवलेल्या नळीवर. तार नळीतून जाताना थोडी वळते, आणि त्या वळणामुळे उपजलेलं घर्षण दिव्याला धरून ठेवतं. हातानं ढकला, सरकतो, सोडा, थांबतो. स्क्रू गेला आणि वाकवलेल्या नळीनं त्याचं काम केलं. १९७१ मध्ये हा दिवा सुट्या भागांच्या पाकिटात विकायला आला आणि १९७९ मध्ये त्याला कंपासो दोरो हा इटलीचा मानाचा पुरस्कार मिळाला. इथे रचना उघडी ठेवणं आणि रचना कमी करणं एकाच हालचालीत झालं. उघड्या यंत्ररचनेचे बहुतेक प्रयोग भाग वाढवत नेतात. आकिलेनं भाग काढत नेले.

जीनो सारफात्तीची दृष्टी वेगळी. इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्धवट सोडावं लागलेल्या या माणसानं आर्तेलुचे ही दिव्यांची कंपनी काढली आणि १९५८ मध्ये २०९७ क्रमांकाचं झुंबर केलं. मधोमध पोलादी दांडा, त्यातून निघालेले हात, टोकांना उघडे बल्ब, आणि प्रत्येक हातापासून दांड्याकडे सैल झोल घेत जाणाऱ्या विजेच्या तारा. झुंबरात तारा लपवायच्या असतात, ही शतकांची रीत त्यानं मोडली. इथे उघडं यंत्र काही हलत नाही. विजेची वाट तेवढी दिसते. तीही रचनाच आहे, हे सारफात्तीनं पटवून दिलं. १९९३ मध्ये ड्रूख या डच समूहानं जगापुढे आणलेला रोडी ग्राउमन्सचा ८५ बल्बांचा दिवा याच वाटेवरचा पुढचा मुक्काम. पंचाऐंशी बल्ब, पंचाऐंशी काळ्या तारा, वर एका ठिकाणी बांधलेली जुडी. दुसरा कुठलाही आधार नाही.

मग येतो रिखार्ड सापरचा टिझिओ दिवा, १९७२ चा, आर्तेमिदे कंपनीसाठी केलेला. कोकणातल्या जुन्या विहिरींवर लांब वाशाच्या एका टोकाला दगड बांधून दुसऱ्या टोकानं पाणी उपसत; टिझिओ त्याच तत्त्वावर उभा आहे. दोन दांड्या, दोन वजनं, बोटाच्या धक्क्यानं सगळं हलतं. पण टिझिओची खरी चाल वेगळी आहे. त्यात तार दिसतच नाही. ट्रान्सफॉर्मर बुंध्यात आहे, तो वीज १२ व्होल्टपर्यंत उतरवतो, आणि ती वीज धातूच्या दांड्यांतूनच वर जाते. १२ व्होल्टला हात लागला तरी धोका नाही. दाब कमी झाला म्हणून तार गेली, तार गेली म्हणून दांड्या बारीक झाल्या. सांध्यांत स्क्रू नाहीत, दाबून बसवलेली बटणं आहेत; दिवा पडला तर सांधा मोडण्याऐवजी सुटतो. म्हणजे तोल उघडा आहे आणि वीज अदृश्य. दुरुस्ती करणाऱ्याला टिझिओ अवघड जातो की नाही, याबद्दल मतं असू शकतील. पण पडल्यावर काय होईल याचा विचार करून सांधा ठरवणारे डिझायनर फार नाहीत.

इंगो माउररनं १९८४ मध्ये हाच कमी दाबाचा धागा खोलीभर ताणला. यायाहो म्हणजे दोन भिंतींमध्ये ताणलेल्या दोन उघड्या तारा, त्यांच्यातून १२ व्होल्टची वीज, आणि त्यांच्यावर हवे तिथे टांगायचे छोटे हॅलोजन दिवे. बल्ब बदलण्याच्या आणि दिवा हलवण्याच्या कामाला इथे इलेक्ट्रिशियन लागत नाही. मला हे माउररच्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, त्याच्या फुटलेल्या बशांच्या प्रसिद्ध झुंबराहूनही.

इमारतींतही हीच लाट होती. १९७७ मध्ये पॅरिसला पाँपिदू केंद्र उभं राहिलं. हवेचे पाइप निळे, पाण्याचे हिरवे, विजेचे पिवळे, सरकते जिने लाल आणि सारं बाहेर. बाहेर ठेवलेल्या पाइपांवर ऊन-पाऊस पडतो आणि त्यांची निगा राखायला सतत खर्च लागतो, हेही त्या इमारतीनं पुढच्या दशकांत शिकवलं. नॉर्मन फॉस्टरचं नोमोस टेबल, काचेखाली पोलादी पाय पसरलेलं, याच वातावरणातलं. देखणं आहे, पण कचेरीच्या टेबलाला एवढे पाय कशासाठी, या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशी पुरेसं नाही.

लंडनमध्ये १९८१ साली रॉन आराडनं भंगारातल्या रोव्हर गाडीची सीट घेतली आणि की-क्लँप या नळ्या जोडायच्या तयार क्लँपांनी तिला चौकट केली. क्लँपमधला स्क्रू अ‍ॅलन किल्लीनं सैल होतो, नळी काढता येते, चौकट बदलता येते. त्याच वर्षी त्यानं गाडीच्या अँटेनावर दिवा बसवला, रिमोटनं वर-खाली होणारा. रोव्हर चेअर मला आजही आवडते, कारण ती कुठून आली, कशी जोडली, कशी सुटेल, हे तीनही प्रश्न तिच्याकडे नुसतं पाहून सुटतात. पुढे ती संग्राहकांच्या हातांत गेली आणि भंगाराच्या अड्ड्यावर तयार झालेल्या खुर्चीची किंमत लिलावात ठरू लागली. त्यात खुर्चीचा गुन्हा नाही, तरी प्रयोगाचा एक धागा तिथे तुटला.

असं होऊ नये याची काळजी एन्झो मारीनं आधीच घेतली होती. १९७४ मध्ये त्यानं टेबलं, खुर्च्या, पलंग यांचे आराखडे प्रसिद्ध केले. साध्या फळ्या, खिळे, हातोडी, एवढ्यावर जमणारे. टपालखर्च पाठवा आणि आराखडे घ्या, असा त्याचा रिवाज होता, फक्त कारखानदार आणि व्यापारी यांना मनाई. फळीवर फळी ठोकली आहे आणि तिरपी पट्टी का आहे, हे खिळा ठोकणाऱ्यालाच ठोकता ठोकता कळतं. आडवा आधार काढला तर टेबल डोलतं. मारीला हवं होतं तेच: वस्तू कशी उभी राहते हे लोकांना हातानं कळावं. यंत्र नाही, पण उघड्या सांध्यांची इतकी स्वच्छ राजकीय बाजू दुसऱ्या कुणी मांडली नाही.

माझ्या कसोटीला इथे दुसरी बाजू जोडावी लागते. वाउटर शोइब्लिन या डच डिझायनरचं चालणारं टेबल घ्या. ढकललं की त्याचे पाय आळीपाळीनं उचलले जातात आणि ते खरोखर चालतं. सांध्यांची साखळी काढली तर टेबल उभंच राहणार नाही. म्हणजे पहिल्या प्रश्नाला ते उत्तम उतरतं. पण उचलून सरकवलेल्या टेबलाच्या तुलनेत या चालण्यानं घरातल्या माणसाला काय मिळतं? बघण्याचा आनंद मिळतो, आणि तो मी कमी लेखत नाही. शिल्पकार झाँ तँगलीच्या यंत्रांपासून आपण यंत्राचं निरर्थक चालणंही कला म्हणून पाहायला शिकलो आहोत. तरी फर्निचरच्या बाबतीत उघड्या भागाचं काम कुणाच्या उपयोगी पडतं, हा दुसरा प्रश्न विचारायलाच हवा. अँगलपॉइज, मेझाद्रो, पारेंतेसी यांच्यात तो उपयोग वापरणाऱ्याच्या बोटांशी थेट जोडलेला आहे.

आता कॅफेंकडे वळू. मुंबई, पुणे, नाशिक, पणजी, कुठेही नवं हॉटेल उघडलं की भिंतीवर प्लंबिंगच्या पाइपांचा दिवा, एका कोपऱ्यात न फिरणाऱ्या दातेरी चाकांचं घड्याळ आणि शिलाई मशीनच्या जुन्या लोखंडी पायांवर ठेवलेलं टेबल. त्या पायांतला पायटा आणि चाक अजून तिथेच आहेत, पण पट्टा गेला, मशीन गेलं, चाक काहीच फिरवत नाही. पाइपांतून पाणी जात नाही. काही दिव्यांवर नळाची तोटी स्विच म्हणून लावलेली असते. तोटी फिरवली की उजेड वाढतो, म्हणजे तोटी कामाची आहे. पण ज्या पाइपावर ती बसली आहे त्याचं काम तारा झाकण्यापुरतंच उरलं आहे. उघड्या रचनेच्या नावाखाली रचना झाकली जाते, हा इथला खरा प्रकार. चाकं काढली तर घड्याळाचं काहीच बिघडत नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण त्या शिलाई मशीनच्या पायट्यात पायाच्या मागे-पुढे हालचालीची गोल फिरती गती होते, ही चांगली युक्ती होती, आणि तिच्यावर आता कॉफीचे कप ठेवले जातात.

पण या दुकानी सजावटीतल्या एका गोष्टीबद्दल मला मत बदलावं असं वाटतं, आणि ती म्हणजे पिवळ्या दांड्यांचे ते जुन्या धाटणीचे एलईडी बल्ब. लांबून ते एडिसनच्या काळच्या कार्बनच्या तारेची नक्कल वाटतात. पण आतल्या प्रत्येक दांडीवर बारीक एलईडी ओळीनं बसवलेले असतात, वर फॉस्फरचा थर असतो, आणि काचेच्या फुग्यात हीलियम भरलेलं असतं. हीलियम उष्णता झटकन बाहेर नेतं. दांड्या अशा पसरल्या म्हणून उजेड चहूकडे जातो आणि उष्णता घालवायला जाड अ‍ॅल्युमिनियमचं बूड लागत नाही. रूप नक्कल असलं तरी रचना कामाची आहे.

एलईडीनं या सगळ्या परंपरेपुढे जो पेच टाकला आहे तो मात्र याहून गंभीर आहे. बल्ब गेला की बल्ब बदलायचा, ही शंभर वर्षांची सवय. नव्या दिव्यांत एलईडीची पट्टी सांगाड्यालाच चिकटवलेली असते आणि वीज सांभाळणारा ड्रायव्हर बंद डबीत असतो. पट्टी गेली की बऱ्याचदा अख्खा दिवा टाकून द्यावा लागतो. भारतात सरकारी उजाला योजनेतून ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. घराघरांत उजेड स्वस्त झाला, विजेची बचत झाली, हे मोठं काम आहे. आणि बाजारपेठांत हे बल्ब दुरुस्त करून देणारी दुकानंही उभी राहिली, कारण खटक्याच्या होल्डरमध्ये बसणारा सुटा बल्ब निदान हातात घेता येतो. पट्टी चिकटवलेला दिवा घेऊन या दुकानदाराकडे गेलं तर त्याच्या हातात फार काही उरत नाही.

युरोपीय संघाच्या १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमानं दिव्यांमधला प्रकाशाचा स्रोत आणि ड्रायव्हर साध्या हत्यारांनी, वस्तू न मोडता, काढता आले पाहिजेत अशी अपेक्षा ठेवली आहे. काही सवलती आहेत. म्हणजे उघडा सांधा आता आवडीचा विषय राहिलेला नाही, तो कायद्यात येऊ लागला आहे. डिझायनरांचे प्रतिसाद वेगवेगळे आहेत. श्टेफान डीझचा २०२० चा आयनो दिवा मला यांतला सर्वांत शहाणा वाटतो. फायबरग्लासची बारीक काठी, आणि तिला वाकवून धरणारी दिव्याचीच वायर. वायर ताणली की काठी वाकते, सैल सोडली की सरळ होते. वायर वीजही नेते आणि कमानही धरते, आणि कुर्ट फिशरचं मिडगार्ड नाव लावणाऱ्या कंपनीनंच तो काढला. भाग सुटे होतात, बदलता येतात.

ब्रसेल्सच्या ओपनस्ट्रक्चर्स प्रकल्पानं दुसरी वाट धरली. चार बाय चार सेंटिमीटरच्या ठरावीक जाळीवर भोकं आखलेले भाग, मग ते कुणीही बनवलेले असोत, एकमेकांना जुळतात. इस्त्रीचा भाग दिव्याला, दिव्याचा स्टुलाला. कल्पना उदार आहे. प्रत्यक्षात या वस्तू बऱ्याचदा जाळीच्याच आकाराच्या होऊन बसतात, आणि वापरणाऱ्याच्या हाताचा आकार मागे पडतो.

या सगळ्यात फॉर्माफांतास्मा या इटालियन जोडीचा ओर स्ट्रीम्स प्रकल्प मला वेगळा वाटतो. मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियानं २०१७ मध्ये तो मागवला. कचऱ्यात गेलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या भागांपासून त्यांनी कचेरीचं फर्निचर बनवलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वस्तू सुट्या कशा होतात याचा तपास केला. काळ्या रबराच्या केबल कचऱ्याच्या पट्ट्यावर यंत्राच्या डोळ्याला ओळखता येत नाहीत, तेव्हा केबल रंगीत करा. स्क्रूंचे नाना प्रकार कमी करून एकच ठेवा. अशा त्यांच्या सूचना सांध्याकडे एका वेगळ्या माणसाच्या बाजूनं पाहतात. आतापर्यंतच्या सगळ्या उघड्या यंत्ररचना पाहणाऱ्यासाठी, वापरणाऱ्यासाठी किंवा फार तर दुरुस्त करणाऱ्यासाठी होत्या. वस्तू मोडून सुटी करणारा हा चौथा माणूस डिझाइनच्या चर्चेत कधी आला नव्हता. मुंबईत कुर्ला आणि धारावीच्या गल्ल्यांत तो रोज बसलेला असतो, हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन, आणि लपवलेला प्रत्येक सांधा त्याच्यासाठी फोडण्याचं काम होतो. ओर स्ट्रीम्समधल्या खुर्च्या गॅलरीतच राहिल्या. अशा एखाद्या कामगाराला आधी विचारून, त्याच्या हाताला सोयीचा सांधा कुठे ठेवायचा हे ठरवून मग केलेला दिवा अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही, आणि या क्षेत्रात यापुढे करण्यासारखा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच प्रयोग.